चिरेखाण बंद होताना: वाचकांचे प्रश्न, जुन्या मेटची उत्तरं

माझी सगळी नोकरी खाणींवर झाली, आधी मेट (खाणीतला मुकादम) आणि मग फोरमन म्हणून. तपासणीला साहेब आले की हजेरीबुक आणि सुरुंगाची वही काखेत घेऊन त्यांच्यामागून चालणारा माणूस तो मी. म्हणून संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलं. या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आहेत: खाण संपत आली किंवा डोक्यावर बसली, आता जागेचं काय? पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही. वाडी लहान असते, आणि खाणवाला बऱ्याचदा भावकीतलाच निघतो.

प्रश्न: राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमचा 30 गुंठे कातळ आहे. सासऱ्यांनी तो चिरेखाणीला दिला. मुदत मार्चअखेर संपते. ‘जागा सपाट करून, वर माती पसरून देऊ’ असं बोलणं झालं होतं; कागदावर मात्र ‘जागा पूर्ववत करून देणे’ एवढंच आहे. खाणवाला म्हणतो, पावसानंतर बघू. आता तहसीलमधून तपासणीला येणार असं कळलं आहे. मी तिथं उभं राहावं का? मला त्यातलं काही कळत नाही.

उत्तर: ताई, उभ्या राहाच. पण आधी त्या ‘पावसानंतर बघू’चा बंदोबस्त करा. पावसानंतर तिथं बघायला फक्त पाणी असेल. आज खाणीत जेसीबी आहे, डंपर आहे, डिझेल आहे, माणसं आहेत. चिऱ्याची शेवटची गाडी गेली की हे सगळं उचलून दुसऱ्या सड्यावर जातं. रिकाम्या खाणीत जेसीबी परत आणायचं भाडं कोणी द्यायचं, यावर मग वर्षानुवर्षं भांडण. ज्या खाणी नीट बंद झालेल्या मी पाहिल्या, त्या चालू असतानाच थोड्याथोड्या बंद होत गेल्या होत्या. एका कोपऱ्यातला चिरा संपला की तुटके चिरे आणि तांबडा भुगा तिथं ढकलायचा आणि काम पुढे न्यायचं. ‘शेवटी एकदम भराव घालू’ म्हणणाऱ्याची खाण भरलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता ‘सपाट करून देऊ’ या शब्दाचं गणित मांडू. 30 गुंठ्यांचा चौरस धरला तर एक बाजू साधारण 55 मीटर येते. खाण आराखड्यात हद्दीलगत सहसा साडेसात मीटरचा पट्टा न खोदता ठेवायचा असतो. चारी बाजूंनी तो सोडला की आत 40 मीटरचा चौरस उरतो, म्हणजे जेमतेम 16 गुंठे. (तुमचा खड्डा 16 गुंठ्यांपेक्षा मोठा दिसत असेल तर पट्टा कोणीतरी खाल्ला आहे, हे आपोआप कळलं.) हे 16 गुंठे 20 फूट खोल गेले असतील तर साडेतीन हजार ब्रासच्या आसपास पोकळी झाली, ब्रासला 100 घनफूट. तीन ब्रासचा डंपर धरला तरी साडेअकराशेच्या वर फेऱ्या होतात. एवढी माती आणणार कुठून? कुणाचा तरी दुसरा डोंगर फोडूनच, आणि त्या माती-मुरुमालाही परवाना नि स्वामित्वधन लागतंच. तेव्हा जागा पहिल्यासारखी होणार नाही, हे आजच मनाशी धरा. म्हणजे जे होऊ शकतं त्यावर जोर लावता येईल.

सगळ्यात आधी कडा बघा. चिरेखाण उभी कापत जातात. वरचा कातळ टणक, खालचा जांभा (ज्याचे चिरे पाडतात तो तांबडा दगड) मऊ, आणि त्याच्याही खाली पिवळट-पांढरी चिकट माती. दोन पावसांत खालचं धुपून जातं आणि वरचा थर लोंबकळत राहतो. गुरं त्याच्याच टोकावर जाऊन चरतात. धातूखाणींसाठीचे 1961 चे विनियम आहेत, त्यांत माती-मुरुमासारख्या ठिसूळ जमिनीसाठी स्पष्ट लिहिलं आहे: एकतर उतार 45 अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर पायऱ्या पाडायच्या, पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. तुमच्या खाणीच्या खालच्या मऊ थराला हाच हिशेब लावून मागा. निदान वाडीकडची आणि वाटेकडची बाजू तरी पायऱ्यांची करून घ्या. जेसीबी जागेवर असताना हे काही दिवसांचं काम आहे.

मग विचारा, वरची माती कुठे आहे. सड्यावर माती असते ती वीतभर, पण गवताचं बी, मुळं, जिवाणू सगळं तिच्यातच. खाण सुरू करताना ती खरवडून बाजूला ढीग करून ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच महिन्यात रस्त्याच्या खड्ड्यांत जाते. ढीग असेल तर फोटो काढून ठेवा आणि भुग्यावर सगळ्यात शेवटी तीच पसरायला सांगा. आधी पसरली तर डंपरच्या चाकाखाली जाते. ढीग नसेल तर तेही लिहून घ्या, कारण तोडपाण्याला बसताना हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

पाण्याला वाट हवी. खड्ड्यातून उतू जाणारं तांबडं पाणी खालच्या मळ्यात शिरलं की भातावर गाळ बसतो, आणि शिव्या खाणवाल्याला नाही, जमीनमालकाला पडतात. सांडव्याच्या तोंडाशी गाळ बसायला एक छोटा खड्डा, आणि तिथून पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) चर. याला खर्च फार नाही. कुंपण म्हणून काटेरी तार मागू नका, ती चोरीला जाते. तुटक्या चिऱ्यांचा गडगा (नुसती रचलेली दगडी भिंत) घालून घ्या. माल तिथंच पडलेला आहे.

एक मात्र ऐका. कोणी सांगेल की भराव फुकट मिळतोय, शहरातून गाड्या येतील. त्यात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा येतो, आणि त्याच्या पोटात प्लास्टिक नि काय काय येतं. जांभ्यातून पाणी मुरतं ते तुमच्याच विहिरीकडे. पूर्ण भरलेला पण घाणीनं भरलेला खड्डा घेण्यापेक्षा अर्धा रिकामा स्वच्छ खड्डा घ्या.

आता तपासणीचा दिवस. कोण येणार ते आधी विचारून ठेवा. तहसीलकडून मंडळ अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी येतात, म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी. जिल्हा खनिकर्म कार्यालयाचं माणूस असेल तर मोजणीचं ईटीएस यंत्र आणतात. परवान्यात किती ब्रास, बाहेर किती गेलं आणि हद्द ओलांडली का, यावर त्यांची नजर असते. जागा परत कशी मिळणार हा त्यांच्या डोक्यात शेवटचा विषय असतो. तो काढायला तुम्ही तिथं हव्यात. हातात सातबारा, मोजणी नकाशा, करार आणि परवान्याची प्रत ठेवा. परवान्यासोबत पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्या अटी वाचून जा. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा 27 फेब्रुवारी 2012 चा आदेश आला, तेव्हापासून 5 हेक्टरांखालच्या लहान खाणींनाही ही मंजुरी लागू झाली. झाडं, गाळखड्डा, जागा पुन्हा उभी करणं, हे सगळं त्या अटींत असतं. खाणवाले त्या वाचत नाहीत.

खोली तुम्ही स्वतः विचारा. मुद्दाम सांगतो, कारण 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 3 मध्ये एक पळवाट होती. (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेनं घेतली आहे, तेव्हा आजचं कलम तपासून घ्या.) मुरूम, जांभा, खडी, इमारती दगड यांच्या उघड्या खाणीला त्या कायद्याच्या बऱ्याच तरतुदी लागत नसत, पण तीन गोष्टी एकदम जुळल्या तरच: खोली कुठेही 6 मीटरच्या पुढे नको, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि स्फोटकं नकोत. सहा मीटर म्हणजे वीस फुटांना थोडं कमी. ही मोजतात सगळ्यात उंच जागेपासून सगळ्यात खोल जागेपर्यंत. सड्याला उतार असतो, त्यामुळे वरच्या अंगाला टेप टाकली तर अठरा फुटांची म्हणवणारी खाण बावीस-तेवीस भरते. एकदा ती हद्द ओलांडली की खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आले, आणि मग मेट नेमला होता का, कडा कशा ठेवल्या, कुंपण कुठे, ही सगळी प्रश्नावली सुरू होते. हे ठाऊक असलेल्या जमीनमालकाशी खाणवाले जरा वेगळ्या आवाजात बोलतात.

पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. ‘मागाहून भरतो’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. लांबी, रुंदी, खोली, कुठली बाजू उभी कापलेली आहे, मातीचा ढीग आहे की नाही, गडगा आहे की नाही, एवढं लिहून आलं पाहिजे. तुमचं म्हणणं लिहून घेत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा. त्याच आठवड्यात खाणवाल्याला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा (रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं), पोच घ्या, आणि प्रती तहसीलदारांना नि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना द्या: मुदत अमुक तारखेला संपते, तोपर्यंत कडा, माती, चर आणि गडगा करून द्यावा, आणि परवान्यापोटी अनामत भरलेली असेल तर जागा पाहिल्याशिवाय ती सोडू नये. ‘पूर्ववत’ हा शब्द पत्रात पुन्हा वापरू नका. त्याचा अर्थ लावत बसण्यात सगळ्यांची सोय होते, तुमची सोडून.

प्रश्न: कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची क्वारी आणि खडी क्रशर आहे. सुरुंगानं घरांना तडे गेले, आंब्याच्या कलमांवर पांढरा थर बसतो. तक्रार केली की तपासणी होते, आणि ‘सर्व सुरळीत’ असा अहवाल येतो. काय चुकतंय? — एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर: दादा, तुमचा अर्ज मी न पाहताच सांगतो, त्यात धूळ, तडे, ओव्हरलोड गाड्या आणि रस्ता हे सगळं एकाच कागदावर असणार. तसा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि शेवटी ज्याच्याकडे थांबतो, तो आपल्या खात्यापुरतं बघून सुरळीत लिहितो. तो खोटंही लिहीत नसतो.

धूळ हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय, त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय रत्नागिरीला आहे. क्रशरला त्यांचं संमतीपत्र लागतं; त्यावर मुदत आणि अटी असतात. यंत्र पत्र्यानं झाकलेलं, वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे, आतला रस्ता पक्का आणि ओला, कडेनं झाडांची रांग, हे केंद्रीय मानकातच आहे. मोजमापही आहे: क्रशरपासून 40 मीटरवर हवेतले तरंगते कण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. आता फवाऱ्यांचं सांगतो. तपासणीच्या सकाळी फवारे सुरू असतात, फलक नव्यानं रंगवलेले असतात, कामगारांच्या पायांत कोरे बूट असतात आणि ते बूट चावत असल्यासारखे चालतात. मी नोकरी केलेल्या एका ठिकाणी टँकर फक्त ‘साहेब’ या शब्दावर येत असे. म्हणून अर्जात ‘फवारे नाहीत’ असं लिहू नका, ते खोटं ठरवता येतं. लिहा की गेल्या सहा महिन्यांत पाणी कुठून घेतलं, टँकरची बिलं किंवा पंपाचं वीजबिल दाखवा. आणि मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, दर आठवड्याला त्याच कलमाच्या त्याच फांदीचा फोटो काढा, तारखेसकट. नुकसानीचं म्हणणं असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) बोलावून वेगळा पंचनामा करून घ्या. मंडळाचा माणूस आंब्याचं नुकसान मोजत नाही.

तड्यांचं काम वेगळं. तिथं सुरुंग लावतात, म्हणजे वरच्या उत्तरात सांगितलेली कलम 3 ची सूट या क्वारीला मिळतच नाही. खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबाद, हे तुमचं दार. स्फोटकांचा परवाना नागपूरच्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतो. महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात, खाणवाल्याच्या मालकीची नसलेली जी साधी घरं आहेत त्यांच्यासाठी कंपनाची मर्यादा घातली आहे: वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 10, आणि 25 च्या वर 15. कंपन मोजायचं यंत्र असतं. ‘आमच्या घराच्या जोत्याशी यंत्र लावून सुरुंग उडवा’ अशी नेमकी मागणी करा, आणि मोजायच्या दिवशी भोकं किती नि दारू किती भरली हे सुरुंगाच्या वहीतल्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा. मोजणीच्या दिवशी अर्धीच दारू भरून ‘बघा, काही नाही’ म्हणणं अगदी सोपं आहे.

तोवर घरच्या घरी एक करा. तड्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टरनं काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवा, वर तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. जुनं, मातीत बांधलेलं चिरेबंदी घर पावसाळ्यात आपोआपही हलतं, आणि खाणवाल्याचा वकील नेमकं तेच म्हणेल. म्हणून सुरुंगाच्या तारखा आणि काच तडकल्याची तारीख शेजारी-शेजारी हव्यात.

आणखी एक कागद मिळवा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्यानं अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो जनतेसाठी खुला असतो. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून मागा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे. प्रती मागण्यापेक्षा फाईल समोर ठेवून घेणं कधीकधी जास्त कामाचं. त्या अहवालात ‘500 झाडे लावली’ असं काहीतरी असेल. तो घेऊन ग्रामसभेत सगळे मिळून झाडं मोजायला चला, असा ठराव करा. तुमच्या सगळ्या अर्जांपेक्षा ही एक फेरी भारी पडेल.

प्रश्न: लांज्याजवळ आमची जुनी चिरेखाण पाण्यानं भरते. मासे सोडू का? की प्लास्टिक घालून काजूसाठी पाणी साठवू?

उत्तर: आधी पाणी किती टिकतं ते बघ. भिंतीवर रंगानं रेघ मार आणि दिवाळीपासून दर पंधरवड्याला पातळी लिही. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. ते खाली चिकट मातीच्या थरावर अडतं आणि उताराला झरा होऊन निघतं. खाणीचा तळ त्या मातीपर्यंत गेला असेल तर पाणी उन्हाळ्यात बरंच टिकेल. तळाला अजून जांभाच असेल तर खड्डा लवकर आटेल, आणि मग रोहू-कटल्याला वाढायला वेळच मिळणार नाही. गप्पी मासे मात्र कसंही करून सोड, डासांसाठी.

सगळा खड्डा प्लास्टिकनं झाकू नको. लवकर आटणाऱ्या खड्ड्यातलं पाणी वाया गेलेलं नसतं, खालच्या वाडीच्या विहिरीत गेलेलं असतं. खाणीनं आधीच तिथला पाणी धरणारा थर उचलून नेला आहे. उरलेला पाझर तरी चालू राहू दे. काजूसाठी बाजूला लहान कोकण जलकुंड (प्लास्टिक अंथरलेला पाणी साठवायचा छोटा खड्डा) कर, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ती शिफारसच आहे. पहिल्या उन्हाळ्यांत कलमं जगवायला तेवढं पुरतं.

आणि मासे-पाणी सगळं नंतर. एका बाजूनं माणूस चालत बाहेर येऊ शकेल असा उतार आहे का? उभ्या कडांच्या खड्ड्यात पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. उतार नसेल तर तो पहिल्यांदा कर, आणि तोवर वाडीतल्या पोरांना तिकडे फिरकू देऊ नको.

प्रश्न: आमच्या सड्यावर कातळात खोदलेली चित्रं आहेत. शेजारची खाण सरकत सरकत जवळ आली आहे. थांबवता येईल का?

उत्तर: आजच फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्या, आणि तहसीलदार, जिल्हाधिकारी व राज्य पुरातत्त्व विभाग अशा तिघांना एकाच दिवशी लेखी द्या. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशी काही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत नाव गेल्यानं चिरा कापायचं मशीन थांबत नाही. परवान्यात त्या जागेची नोंद आली की थांबतं. खाणीची हद्द शिल्पापासून किती अंतरावर आहे याची मोजणी मागा. फोटो छान यावा म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात सगळं स्वच्छ दिसतं.

प्रश्न: मी मुंबईत असतो. गावी चुलतभावानं माझ्या हिश्शाच्या कातळावर खाण चालू दिली. आता माझ्या सातबाऱ्यावर दंडाचा बोजा चढला आहे. मी तर एक चिराही काढला नाही.

उत्तर: सातबारा हातात धरून भांडायला जाऊ नका, आधी ज्या आदेशानं बोजा चढला त्याची प्रत काढा. दंड जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली असणार. बेकायदा काढलेल्या मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत तो जातो, म्हणून आकडा बघून छातीत धस्स झालं असेल. त्या कलमात दंड आहे तो विनापरवाना काढणाऱ्याला. तुम्ही काढला नाही, हे दाखवायचं ओझं मात्र आता तुमच्यावर येऊन पडलं आहे: मुंबईतला रहिवास, भावाचा आणि खाणवाल्याचा करार, मालाचे पैसे कोणाच्या खात्यावर आले ते. तहसीलदारांच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील होतं, मुदत 60 दिवस. मुदत टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा, आणि आदेश तुम्हाला कधी कळला ते खरं लिहा. अपिलात ईटीएस मोजणी नव्यानं मागा. अंदाजानं धरलेला ब्रासचा आकडा मोजणीत बऱ्याचदा बदलतो. वाढूही शकतो, तेव्हा मागण्याआधी खड्डा एकदा डोळ्यांनी बघून या. यासाठी वकील करा, मी काही वकील नव्हे.

भावाशी बोलणं ठेवायचं की नाही, ते या सदरात बसत नाही.

प्रश्न: बंद खाणीचा तळ माती टाकून तयार केला आहे. नर्सरीत आकेशियाची रोपं फुकट मिळतात. लावू का? नाहीतर काय लावू?

उत्तर: आकेशिया जगते, भरभर वाढते, आणि तपासणीच्या फोटोत हिरवी दिसते. तिची आवड सगळ्या खाणवाल्यांना आहे ती यासाठीच. पण तिच्याखाली पाल्याचा जाड थर बसतो आणि दुसरं फारसं काही उगवत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, पक्ष्यांना फळ नाही. सरपण हवं असेल तर एका कोपऱ्यात चार लावा.

तुटक्या चिऱ्यांच्या ढिगावर करवंद, धायटी, निगडी लावा. त्यांना माती लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पायऱ्यांच्या उतारावर वाळा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. वड-पायर कड्याच्या टोकाशी नको, मुळं फटीत शिरून कडा फोडतात. तळात पहिली दोन वर्षं गिरिपुष्प दाट लावून पाला कापून तिथंच पसरा. जांभ्याच्या मातीत स्फुरद अडकून बसतो आणि सेंद्रिय काही नसतंच, त्यामुळे थेट काजू लावला की तो पिवळा पडतो आणि लोक म्हणतात जागाच वाईट. मग तिसऱ्या पावसात वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं लावा. तळाला मशीननं दाबलेला थर असतो, तो पहारीनं फोडून मोठा खड्डा घ्या आणि शेणखत नि पातेरा (वाळका पाला) भरा. पाणी साचणाऱ्या अंगाला काजू नकोच, तिथं जांभूळ लावा. पुढचे दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल. तेवढी सोय नसेल तर रोपं कमी आणा.